सोयऱ्यांच्या गावाले गाडीनं: चार राज्यं, दहा दिवस अन् डिक्कीतले अकरा नारळ

फिरायला जाणं वेगळं अन् सोयऱ्यांकडे जाणं वेगळं, हे आधी डोक्यात पक्कं करून घ्या. फिरायला गेलं की गाडी कुठं थांबवायची, काय खायचं, कधी निघायचं ते आपण ठरवतो. सोयऱ्यांकडे जाताना गाडी आपली, पेट्रोल आपलं, पण टाईमटेबल आत्याचं असते. मी वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यातला, जाम चौरस्त्यापासून जवळच आमचं गाव, म्हणजे खाली हैदराबाद अन् वर नागपूर अशा एनएच ४४ वर आम्ही मधात बसलेले. आई, मी, बायको अन् दोन पोट्टे असे पाच जण जुन्या सात सीटच्या गाडीत दहा दिवस फिरून आलो, आदिलाबाद, हैदराबाद, पांढुर्णा, सिवनी, गोंदिया, भिलाई. त्याच्या आधी दोनदा असंच गेलो होतो अन् दोन्ही वेळा काही ना काही घोळ झाला, तर त्या घोळातून जे शिकलो ते लिहून ठेवतो, कोणाच्या तरी कामी येईल.

आमच्याकडच्या लोकायचे सोयरे इतक्या राज्यात कसे, असं पुण्याकडचे मित्र विचारतात. अरे भाऊ, १९५६ पर्यंत नागपूर, वर्धा, छिंदवाडा, बालाघाट, दुर्ग सगळं एकाच राज्यात होतं अन् राजधानी नागपूर. नोव्हेंबर १९५६ मध्ये विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात आले, पांढुर्णा-सौंसर मध्य प्रदेशातच राहिलं, पण पोरीबाळी देणं-घेणं त्यानं थोडंच थांबते. भिलाईचं कारण आणखी सोपं, तिथं १९५९ मध्ये पहिली भट्टी पेटली अन् मग वर्षानुवर्षं इकडचे फिटर, वेल्डर नोकरीले जात राहिले. आमचे मावसे त्यातलेच. अन् आदिलाबादची आत्या म्हणजे पैनगंगेच्या पलीकडची, आमच्या आजोबाच्या भाषेत "नदीपल्याड दिली". तिच्यासाठी ते परराज्य कधी नव्हतंच.

आता मुद्द्यावर येतो. पहिली गोष्ट, हिशोब किलोमीटरवर करू नका, घरावर करा. मॅप तुम्हाले जाम ते आदिलाबाद अडीच-तीन तास दाखवते अन् ते खोटं नाही, पण मधात पांढरकवड्याले चुलत साळा राहते हे मॅपले काय माहीत. कागद घ्या अन् प्रत्येक घरासमोर लिहा: चहाचं घर, जेवणाचं घर की मुक्कामाचं घर. एका दिवसात एक जेवणाचं अन् एक मुक्कामाचं, बस. मधात चहाचं घर फार तर एक. अन् चहाचं घर म्हणजे दहा मिनिटं असं समजू नका, चहासोबत पोहे येतात, पोहे होईपर्यंत शेजारची काकू येते, तिले आई ओळखते, मग कोण गेलं अन् कोणाचं जुळलं. दीड तास धरा. आम्ही पहिल्या वेळी एका दिवसात चार घरं ठेवली होती, चारही ठिकाणी पुरणपोळी, कारण चौघींनाही फोनवर "काही करू नका" म्हटलं होतं. काही करू नका म्हटलं की पुरण शिजते हा आमच्याकडचा नियम आहे. त्यापेक्षा सरळ सांगा की रात्री फक्त वरण-भात अन् आलू-वांग्याची भाजी पाहिजे, पोट्ट्याचं पोट बिघडलेलं आहे. पोट्ट्याचं पोट हे एकच कारण असं आहे जे सगळीकडे चालते.

दुसरी गोष्ट अन् हीच सगळ्यात महत्त्वाची, कोणाकडे जायचं नाही ते आधी ठरवा. ज्या गावात मुक्काम आहे त्या गावातले बाकीचे सोयरे कोण, त्यांची यादी आईकडून काढून घ्या, आईले सगळं पाठ असते. मग ज्याच्याकडे जाणं जमणार नाही त्याले निघायच्या आधीच तुम्ही स्वतः फोन करा, "मामाजी, एका रात्रीसाठी येऊन राहिलो, वेळ नाही, तुम्हीच आत्याकडे या ना." नव्वद टक्के लोक येतात, अन् तिथंच सगळ्यांची भेट होऊन जाते. नाही केला फोन तर काय होते ते मी भोगलं आहे. आमचे एक मोठे बाबा, त्यांच्या गल्लीतून आमची गाडी गेली अन् ती त्यांच्या नातवानं पाहिली, एमएच ३२ पासिंगची पांढरी गाडी परगावात लपते का. पुढच्या दोन लग्नांत ते माझ्याशी बोलले नाही. जेवणाच्या पंगतीत माझ्या समोरून वाढत गेले अन् माझ्या पत्रावळीवर येऊन बुंदी संपली.

कधी जायचं? शेती असेल तर तारीख पिकाले विचारून काढावी लागते. मे महिन्यात सुट्ट्या असतात पण आमच्याकडे पारा ४५ च्या वर जाते, एसी लावला तरी आईचे पाय सुजतात अन् सोयऱ्याच्या घरी कूलरसमोर पाच माणसं झोपत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीवर गोटमार (दगडफेकीची जत्रा) असते, तेव्हा तिकडचा रस्ता धरू नका. दिवाळीनंतर कापूस वेचणी असते, बाया भेटत नाही, अशात मालकच गायब झाला तर झालं. आम्हाले जानेवारीचा शेवट जमला. तूर निघून घरात आली होती, हरभरा घाट्यावर होता, गव्हाले रात्रीचं पाणी द्यायले गडी होता. पोट्ट्यांची शाळा बुडते, ते खरं आहे. पण त्यात एक मजा अशी की संक्रांत ते रथसप्तमी बायांचं हळदीकुंकू असते, तर बायकोले प्रत्येक घरी वाण भेटलं. सात प्लास्टिकचे डबे, दोन चाळण्या अन् एक साबणदाणी. तिनं पण इकडून दोन डझन स्टीलच्या वाट्या नेल्या होत्या, ही अक्कल तिची, मी तर म्हटलं होतं कायले नेतं. ज्या घरी गेली तिथं वाटी दिली, विषय संपला.

नेण्याच्या वस्तूंबद्दल सांगतो, कारण इथं लोक चुकतात. मिठाईचे डबे नेऊ नका, तिसऱ्या दिवशी वास येते अन् प्रत्येकाच्या घरी कोणाले ना कोणाले शुगर आहे. आपल्या वावरातलं न्या. आमच्या तालुक्यातली वायगावची हळद जीआय टॅगवाली आहे, ती पाव-पाव किलोच्या पुड्या करून सगळ्यांना दिली, वीस पुड्यांत सगळं खानदान निपटलं. तूरडाळ घरची, सोबत जवसाची चटणी. वर्ध्यावरून जाणं होत असेल तर गोरसपाक (तुपातली बिस्किटं) घ्या, तो टिकते अन् हैदराबादच्या मित्रालेही आवडते. पण कुठं काय नेऊ नये ते पण पाहा. पांढुर्णा-सौंसरले संत्री नेणं म्हणजे त्यांचा अपमान, ते तुम्हालेच दोन कॅरेट गाडीत टाकून देतात. अन् बालाघाट-गोंदियाले तांदूळ नेऊ नका, उलट येताना तिकडून चिन्नोर आणा, बालाघाटचा चिन्नोर चुलीवर असला की शेजारच्या घरी कळते.

आता सामान भरण्याचं. मागच्या वेळी डाळीची दोन चुंगडी (पोती) सगळ्यात खाली टाकली, त्यावर बॅगा, त्यावर पांढुर्ण्याचे संत्रीचे कॅरेट, त्यावर आईची पिशवी. सौंसरहून छिंदवाड्याले जाताना सिल्लेवानीचा घाट लागते, दोन्हीकडे जंगल, रस्ता वळणावळणाचा, तिथं मागचं टायर पंक्चर. जॅक अन् पाना कुठं? चुंगड्यांच्या खाली. मग आम्ही घाटात, रस्त्याच्या कडेले, एक-एक करून सगळं घर मांडलं. संत्री उतारावर सुटली अन् लहान पोट्टा त्यांच्या मागं. एका ट्रकवाल्यानं थांबून जॅक लावून दिला अन् पैसे काही घेतले नाही, पाच-सहा संत्री घेऊन गेला. तेव्हापासून जॅक, पाना, टॉर्च अन् स्टेपनीत हवा भरायचा छोटा पंप ड्रायव्हरच्या सीटखाली. स्टेपनीची हवा निघायच्या आदल्या दिवशी तपासा, चार चाकांची सगळे तपासतात, पाचव्याची कोणी नाही. अन् जे घर पहिलं लागते त्याचं सामान सगळ्यात वर, जे शेवटचं त्याचं सगळ्यात खाली, इतकं सोपं आहे पण भरताना रात्रीचे अकरा वाजले असतात अन् डोकं चालत नाही.

कागदपत्रं मोबाईलमध्ये डिजिलॉकरला टाकून ठेवा, लायसन्स, आरसी, इन्शुरन्स, पीयूसी, ते चारही राज्यांत चालते. पीयूसीची तारीख बघा, ती नेहमी अशाच वेळी संपते. गावातली पिवळ्या पाटीची गाडी भाड्यानं करत असाल तर मालकाले आधी विचारा की ऑल इंडिया टुरिस्ट परमिट आहे का, नाहीतर बॉर्डरवर तुम्ही गाडीत बसून अन् तो ऑफिसात. फास्टॅगचं पण तसंच. मागे एकदा माझ्या टॅगचं केवायसी अपडेट नाही म्हणून बँकेनं तो बंद केला होता अन् मले टोलवरच कळलं, मागं ट्रकचे हॉर्न, आई विचारून राहिली काय झालं, मी घामेघूम. नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम आला की टॅग चालला नाही अन् रोख दिले तर दुप्पट, यूपीआयनं दिले तर सव्वापट. म्हणून निघायच्या चार दिवस आधी टॅगचं स्टेटस पाहून घ्या. खासगी गाडीसाठी वर्षाचा पास ऑगस्ट २०२५ मध्ये निघाला, तेव्हा ३००० रुपयांत २०० फेऱ्या होत्या, असा सगळा फेरा मारायचा असेल अन् वरून नागपूरले नेहमी जाणं असेल तर परवडते. पण तो राष्ट्रीय महामार्गाच्याच टोलवर चालते, समृद्धीवर अन् हैदराबादच्या आउटर रिंग रोडवर नाही, तिथं बॅलन्समधून कटते. रस्त्यात गाडी बंद पडली तर हायवेचा नंबर १०३३, बाकी कशासाठीही ११२. हे दोन नंबर कागदावर लिहून डॅशबोर्डवर चिकटवा, कारण मोबाईल नेहमी ज्याच्याकडे असते तोच घाबरलेला असते.

पेट्रोलचं एवढंच की खाली जाताना टाकी पांढरकवड्यापर्यंतच फुल करून घ्या, तेलंगणात महाग आहे. छत्तीसगडमधून येताना तिकडेच भरून या.

रूट मी असा पाडला. शुक्रवारी सकाळी निघून आदिलाबाद, आत्याकडे मुक्काम. शनिवारी हैदराबाद, कारण मित्र अन् त्याची बायको दोघंही कंपनीत, शनिवार-रविवारशिवाय त्यांच्याकडे जाणं म्हणजे कुलपाले भेटणं. सोमवारी वापस अन् मधात एक रात्र आपल्याच घरी. ही मधली रात्र कोणी काढू नका भाऊ, हिच्यामुळे सगळं जमलं. कपडे धुतले, गोठ्यात चक्कर मारली, गव्हाचं पाणी पाहिलं, तिकडचं सामान उतरवलं अन् इकडचं भरलं. मग मंगळवारी नागपूर-सावनेर करत पांढुर्णा, बुधवारी छिंदवाड्यावरून सिवनी, गुरुवारी बालाघाटले जेवून गोंदिया, शुक्रवारी डोंगरगड करून भिलाई, तिथं दोन रात्री, रविवारी राजनांदगाव-देवरी-साकोली-भंडारा करत घरी. एका दिवशी पाच तासांच्या वर गाडी चालवली ती फक्त हैदराबादहून येताना अन् शेवटच्या दिवशी.

मित्राच्या फ्लॅटचं वेगळं सांगतो. सोयऱ्याच्या घरी पाच काय, पंधरा गेले तरी खाली सतरंजी टाकतात. फ्लॅटमध्ये दोन खोल्या, एक सोफा, अन् सोसायटीच्या गेटवर गाडीचा नंबर आधी टाकावा लागते, नाहीतर वॉचमन सोडत नाही. मित्र कितीही जिवाचा असला तरी त्याच्या बायकोले आपल्या बायकोनं आधी फोन करावा, दोन मित्रांनी आपसात "ये बे, काय विचारतं" म्हणून ठरवू नये. आम्ही अंथरूण-पांघरूण सोबत नेलं, सकाळचा चहा मी केला, रविवारी बिर्याणी त्यांनी मागवली, अन् आईनं त्यांच्या लहान पोरीले तीन तास सांभाळलं तर ते दोघं नवरा-बायको कितीतरी दिवसांनी सिनेमाले जाऊन आले. त्या पोरीले मराठी समजते पण बोलते तेलुगू अन् इंग्रजी. आई वऱ्हाडी बोलत राहिली, ती तेलुगू, दोघींचं काही अडलं नाही. जाताना निर्मळच्या पुढे गोदावरीच्या पुलावर आईनं नाणं टाकायले गाडी थांबवायले लावली, पुलावर गाडी थांबवू नका, पूल संपल्यावर बाजूले घ्या अन् तिथून हात जोडा. नाणं मी खिशातच ठेवलं अन् टाकलं म्हणून सांगितलं.

रात्रीची गाडी चालवू नका, एवढं ऐकाच. सहाच्या आत मुक्कामाच्या घरी. आपल्याकडे रात्री रोही (नीलगाय) अन् रानडुक्कर रस्त्यावर येतात, रोही तर गाडीचा उजेड पाहून पळायच्या ऐवजी समोरच उभा राहते, अन् घोड्याएवढं जनावर आहे ते. त्याच्यापेक्षा वाईट म्हणजे बिना लाईटचा ट्रॅक्टर, मागं थ्रेशर लावलेलं, किंवा कापूस भरून दोन्हीकडून फुगलेली गाडी. सकाळी मात्र पहाटेच निघा, पण जानेवारीत भंडारा-गोंदियाकडे तलावाच्या भागात धुकं असते, मग उजाडू द्या, चहा घ्या, अर्ध्या तासानं काही बिघडत नाही.

म्हाताऱ्या माणसाच्या गोळ्या हातातल्या पिशवीत, डिक्कीत नाही. पोट्ट्याले गाडी लागत असेल तर समोर बसवा, मोबाईल हातातून काढून घ्या, आवळासुपारी द्या, अन् प्लास्टिकची पिशवी अशी ठेवा की शोधावी लागणार नाही. शिदोरी घरून न्या, दुधातल्या दशम्या, ठेचा, सांबारवडी (कोथिंबिरीची) दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. पुढं प्रत्येक घर डबा बांधून देतेच, नाही म्हटलं तरी. बायांच्या बाथरूमचा प्रश्न असते त्यावर मोठा पेट्रोल पंप दिसला की थांबायचं, "पुढं पाहू" म्हणायचं नाही. हे मले बायकोनं लिहायले सांगितलं.

पत्त्याचं. गावातला सोयरा सांगते, "बस स्टॉपवर या अन् कोणालेही विचारा." कोणालेच माहीत नसते. लाईव्ह लोकेशन मागा, घाटात अन् जंगलात नेटवर्क जाते म्हणून मॅप आधीच डाऊनलोड करून ठेवा. भिलाईचं मात्र मस्त आहे, सेक्टर, स्ट्रीट, क्वार्टर नंबर, गाडी थेट दारात.

तिथं पोहोचलो तेव्हा मावशी फाटकातच उभी होती. हातात तांब्या अन् भाकरीचा तुकडा, दोन्ही पोट्ट्यांवरून ओवाळला अन् बाजूले फेकला, मग आईच्या गळ्यात पडली. दोघी बहिणी सहा वर्षांनी भेटल्या होत्या. पाच मिनिटं कोणी काही बोललं नाही अन् मग मावशी म्हणते, "किती वाळली वं तू." आईचं वजन बाहत्तर किलो आहे. मावशीचे नातवंडं हिंदीत बोलतात, आमचे पोट्टे पहिल्या दिवशी लाजले, दुसऱ्या दिवशी मैत्री बागेत सगळे मिळून वाघ पाहायले गेले अन् संध्याकाळपर्यंत आमचा लहान "अपुन" म्हणायले लागला. आईले डोंगरगडले टोंगळ्यांमुळे (गुडघ्यांमुळे) बम्लेश्वरीच्या मंदिराच्या पायऱ्या जमणार नव्हत्या, हजाराच्या वर आहेत, आम्ही रोपवेनं नेलं. तिकडे जायचं असेल तर सकाळीच जा, रांग लागते.

निघण्याचं टेक्निक लक्षात ठेवा. आठले निघायचं असेल तर घरात सातच सांगा. कारण निघतो म्हटल्यावर खरं काम सुरू होते, ओटी भरायची, ब्लाऊज पीस शोधायचा, नारळ भेटत नाही म्हणून पोरगं दुकानात पळते, मग पायावर पाणी, मग पोट्ट्यांच्या हातात पैसे. हे पैशाचं भांडण दारात वीस मिनिटं चालते, "नको नको" अन् "घे घे", मग नोट पोट्ट्याच्या खिशात कोंबली जाते. यावर उपाय असा की तुम्ही पण त्यांच्या पोरासाठी पाकीट तयार ठेवा अन् ते निघताना देऊ नका, उशीखाली ठेवा अन् गाडी दहा किलोमीटर गेली की फोन करून सांगा. नारळाचं मात्र काही करता येत नाही. मागच्या वेळी घरी येईपर्यंत अकरा झाले होते, ब्रेक मारला की डिक्कीत गडगडायचे, पोट्टे मोजत बसायचे. यावेळी बायकोनं हुशारी केली, एका घरची ओटी दुसऱ्या घरी फिरवायची. फक्त ब्लाऊज पीसवर कोणाचं नाव किंवा दुकानाचं लेबल नाही ना ते पाहा, गोंदियाचा पीस भिलाईले दिला अन् तो मावशीनंच मागच्या वर्षी गोंदियाले दिलेला निघाला. मावशीनं ओळखला पण काही बोलली नाही, घडी उलगडून पाहिली अन् हसत कपाटात ठेवला.

घरी आल्यावर हातपाय धुवायच्या आधी "पोहोचलो" म्हणून फोन करा, सगळ्यांना, ज्या क्रमानं गेलो त्याच क्रमानं. अन् त्या सगळ्यांच्या आधी ज्याच्याकडे जाणं झालं नाही त्याले. मी आधी मोठ्या बाबांना लावला. त्यांनी उचलला, म्हणाले, "आता कायले फोन करतं?" मी म्हटलं, "हळदीची पुडी ठेवली आहे तुमच्यासाठी." थोडा वेळ काही बोलले नाही, मग म्हणाले, "रविवारी येतो घ्यायले. काही करू नका म्हणा सुनबाईले."